पाणी बघून पाय टाकायचा

पनवेलजवळच्या कोन गावातून बोलतोय. रेडिओच्या माईकसमोर एकच जण बसली आहे, पण बोलणं गटातल्या सगळ्यांचं आहे, म्हणून 'आम्ही' म्हणूनच बोलणार. हातातलं काम चालू ठेवा, भाजी निवडा, तांदूळ पाखडा, फक्त कान इकडे द्या.

आजचा विषय ऐकून हसाल. विषय आहे कयाकचा. कयाक म्हणजे एका माणसाची लांबट, चिंचोळी होडी. तीत पाय पुढे पसरून बसायचं, दोन्ही टोकांना पातं असलेलं एक वल्हं हातात घ्यायचं आणि खळाळत्या नदीतून, कातळांमधून वाट काढत खाली जायचं. तुम्ही म्हणाल, बचत गटाचा याच्याशी काय संबंध? आम्हीही आधी हेच म्हटलं होतं.

झालं असं. दिवाळीनंतरच्या मासिक बैठकीत कर्जमागणीचे अर्ज वाचत होतो. एक अर्ज शेळीचा, एक शिलाई मशीनचा, एक मुलाच्या फीचा. चौथा अर्ज होता पंधरा हजारांचा आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'पुतणीला कोलाडला कयाक शिकण्यासाठी'. अर्ज मुलीच्या काकूचा. मुलीची आईही आमच्याच गटात. ती त्याच सतरंजीवर, काकूपासून दोन बाया सोडून बसली होती. अर्ज वाचून झाला तशी ती उठली आणि म्हणाली, "हे कर्ज दिलं तर माझी बचत मला परत द्या. मी गटात राहणार नाही."

तिचं कारण आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. तिचा धाकटा भाऊ पावसाळ्यात मित्रांबरोबर एका धबधब्यावर गेला होता. खालच्या डोहात उतरला, तो वर आलाच नाही. तेव्हा मुलगी सहा वर्षांची होती. त्या दिवसापासून या बाईने घरातलं कुणी पाण्याकडे जाऊ दिलं नाही. गणपती विसर्जनालाही ती काठापासून लांब उभी राहते. आणि आता तिची मुलगी, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला असलेली, म्हणत होती की मला नदीतच काम करायचं आहे. कोलाडला राफ्टिंग चालतं, तिथं मुलांना गाइडचं काम मिळतं, तर मला का मिळू नये?

त्या दिवशी आम्ही निर्णय घेतला नाही. शेळीचं कर्ज देताना आपण शेळी बघून येतो, दात बघतो. मग नदी न बघता हो किंवा नाही कसं म्हणायचं? ठरलं की आधी बघून यायचं. एका रविवारी पहाटे आम्ही अकरा जणी गाडी करून निघालो. मुलीची आई आली नाही. तिने डब्यात भाकऱ्या मात्र दिल्या.

आपल्या पळस्पे फाट्यावरूनच गोव्याचा रस्ता फुटतो. पेण, वडखळ, नागोठणे करत कोलाड लागतं, ते रोहा तालुक्यात. तिथली नदी कुंडलिका. सह्याद्रीत भिऱ्याकडे उगम पावते, कोलाड-रोह्यावरून रेवदंड्याच्या खाडीला मिळते. आम्ही साजे गावाजवळच्या काठावर पोचलो तेव्हा नदीत पाणी बेताचंच होतं. कातळ उघडे होते. आमच्यातली एक म्हणाली, "यात होडी चालवणार की ढकलणार?" आणि थोड्या वेळात पाणी वाढलं. आकाश निरभ्र, पावसाचं नाव नाही, आणि डोळ्यांदेखत कातळ बुडाले. हिवाळ्यात, उन्हाळ्यातसुद्धा ही नदी सकाळी भरते आणि नंतर उतरते.

हे कसं होतं ते तिथल्या एका गाइडदादांनी समजावलं, आणि ती गोष्ट आम्हाला फार लागली. घाटावर मुळशीचं धरण आहे, टाटांचं. ते मुळा नदीवर बांधलेलं. मुळा कुठं जाते? पुण्याला मुठेला मिळते, पुढे भीमेला मिळते. भीमा म्हणजे पंढरपूरची चंद्रभागा. म्हणजे हे पाणी खरं तर पूर्वेला पंढरपूरकडे जाणारं. पण धरणाने ते अडवलं आणि डोंगराच्या कड्यावरून सुमारे ५०० मीटर खाली कोकणात, भिऱ्याच्या वीजघरात आणलं. ते वीजघर १९२७ सालचं. चाकं फिरवून बाहेर पडलेलं पाणी कुंडलिकेत येतं. त्याच पाण्यावर खाली रवाळजे इथं आणखी वीज होते. वीज करण्यासाठी पाणी सोडलं की नदी भरते, आणि त्या भरलेल्या नदीत साधारण बारा-तेरा किलोमीटर राफ्ट चालतात.

या पाण्याला मोठा इतिहास आहे. मुळशीच्या धरणात मावळातल्या शेतकऱ्यांची भातशेती आणि गावं बुडाली. त्याविरुद्ध १९२१ साली मुळशी सत्याग्रह झाला. पांडुरंग महादेव बापट त्यात पुढे होते, आणि 'सेनापती' हे नाव त्यांना त्याच लढ्यात मिळालं. त्या लढ्यात बायाही उतरल्या होत्या. धरण झालंच. हे ऐकल्यावर आमच्यातल्या एक आजी, वारकरी आहेत त्या, नदीला हात जोडून म्हणाल्या, "कुणाची शेतं बुडवून आलंय हे पाणी. यात खेळायचं तर जपून खेळा."

आणि हे फक्त कुंडलिकेचं नाही. आपल्या शेजारची पाताळगंगा घ्या. रसायनीवरून वाहते ती. घाटावर लोणावळा-वळवणच्या तलावांत अडवलेलं पाणी खोपोलीच्या वीजघरात उतरतं आणि पाताळगंगेत येतं. खोपोलीचं वीजघर १९१५ सालचं. पनवेलच्या बाजूला पाताळगंगेचं पाणी पिण्यासाठी येतं. कर्जतकडे भिवपुरीचं वीजघर १९२२ सालचं, त्याचं पाणी उल्हास नदीत. म्हणजे रोज घागर भरताना आपण हे असं उतरलेलं पाणी भरत असतो, आणि आपल्याला ठाऊक नसतं.

आता कयाककडे येऊ. राफ्ट म्हणजे हवा भरलेला मोठा रबरी तराफा, त्यात सात-आठ माणसं आणि एक गाइड. कयाकमध्ये माणूस एकटा. बसलं की कमरेभोवती एक रबरी घेर लावतात, तो होडीच्या तोंडावर ताणून बसवतात म्हणजे पाणी आत येत नाही. त्याला स्कर्ट म्हणतात. धिप्पाड पुरुष तो परकर घालून उभे असलेले बघून आमच्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. पण त्याला पुढे एक पट्टी असते. होडी उलटली आणि सरळ करता आली नाही, तर ती पट्टी ओढायची, घेर सुटतो आणि माणूस बाहेर येतो. आधी हेच शिकवतात. थांबलेल्या पाण्यात, शिकवणारा शेजारी उभा राहून. मग कमरेच्या झटक्याने उलटी होडी सरळ करायला शिकवतात. ताकद हातात लागत नाही, कमरेत लागते. आमची एक म्हणाली, "भात लावून लावून आमच्या कमरा तयारच आहेत."

ही होडी मुळात कुणाची, तर उत्तर ध्रुवाकडच्या बर्फाळ मुलखात राहणाऱ्या इन्युइट लोकांची. लाकडाचा किंवा हाडाचा सांगाडा आणि त्यावर सीलच्या कातड्याचं आवरण. पुरुष तीत बसून शिकारीला जायचे. पण ती कातडी पाणी आत येणार नाही अशा बारीक टाक्याने शिवायचं काम बायकांचं. टाका चुकला तर नवरा परत येणार नाही. हे ऐकल्यावर शिलाई मशीनचा अर्ज केलेली आमची मैत्रीण ताठ बसली. आणि त्यांच्याकडे दुसरी मोठी होडी असे, उमियाक नावाची, तिला बायकांची होडीच म्हणत. मुलंबाळं, सामान घेऊन बायाच ती वल्हवायच्या. म्हणजे होडी आणि बाई हे काही आजचं नवं खूळ नाही.

आपल्याकडेही आहे. महेश्वर माहीत आहे ना, अहिल्यादेवींचं? तिथं नर्मदेवर सहस्रधारा आहे, नदी कातळांत शेकडो धारांनी फुटते. २०२३ च्या फेब्रुवारीत खेलो इंडिया युवा स्पर्धेतल्या खळाळत्या पाण्यातल्या होड्यांच्या शर्यती तिथं झाल्या, आणि त्यात मुलीही उतरल्या. ऑलिंपिकमध्ये हा खेळ पहिल्यांदा १९७२ साली म्युनिकला आला, तेव्हाही बायकांची शर्यत होती. केरळात कोझिकोडजवळ ऐन पावसाळ्यात अशा होड्यांचा उत्सव भरतो, देशोदेशीचे लोक येतात. तो डोंगरही आपला सह्याद्रीच.

मुलीच्या मनात तेच होतं. ती म्हणाली, "कुंडलिका सगळ्यांना माहीत झाली. पण आपल्या रायगडात किती नद्या आहेत ज्यांतून कुणी होडी नेलेली नाही. मला त्या बघायच्या आहेत." तेव्हा आम्ही गाइडदादांना विचारलं, की अनोळखी नदी बघतात कशी? उडी मारतात का?

ते म्हणाले, "ताई, आधी नकाशा. मग पायी." नकाशात नदी किती अंतरात किती उतरते ते बघतात. आपल्या कोकणातल्या नद्या आखूड आणि उताराच्या. घाटावरून निघाल्या की थोड्याच अंतरात खाडीला. लोणावळ्याकडे वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. घाटात जोराची सर आली की तासा-दोन तासांत खाली नदी फुगते, आणि पाऊस थांबला की तशीच उतरते. म्हणून उन्हाळ्यात पात्र कोरडं असताना काठाने चालत जायचं. कुठे कातळ आहे, कुठे झाड आडवं पडलंय, कुठे बंधारा आहे ते बघून ठेवायचं. पाण्याच्या जोराप्रमाणे खळाळांना एक ते सहा असे दर्जे देतात. एक म्हणजे पोरासोरांचं, सहा म्हणजे जिवाशी खेळ. कुंडलिकेतले दुसऱ्या-तिसऱ्या दर्जाचे. पाण्यात असतानाही पुढचं वळण दिसत नसेल तर काठाला लागायचं, उतरून बघून यायचं. मनात शंका आली तर होडी खांद्यावर घ्यायची आणि तेवढा भाग चालत पार करायचा. "त्यात कमीपणा नाही," ते म्हणाले. "होडी खांद्यावर घेणारा दुसऱ्या दिवशी पुन्हा येतो."

आणि मग त्यांनी जे सांगितलं ते आम्ही मुद्दाम तुमच्यासाठी लिहून आणलं. ते म्हणाले, नवीन नदीवर गेलो की आम्ही पहिल्यांदा धुणं धुणाऱ्या बायांना आणि मासे पकडणाऱ्या कातकरी बांधवांना विचारतो. कुठला डोह खोल, कुठे भोवरा, पाणी कुठल्या खुणेपर्यंत चढतं, हे त्यांना नकाशापेक्षा नीट माहीत असतं. मैत्रिणींनो, आपल्याकडे हे ज्ञान आहे आणि आपण त्याला ज्ञान म्हणत नाही.

त्यांनी आम्हाला काठावर उभं करून पाणी वाचायला शिकवलं. तेही सांगतो, कारण होडीत कधी न बसणाऱ्या बाईलाही ते उपयोगी आहे.

पाण्यावर बाणासारखा आकार दिसतो. बाणाचं टोक खालच्या दिशेला असेल तर दोन कातळांमधली मोकळी वाट आहे. टोक वरच्या दिशेला, म्हणजे पाणी येतं तिकडे असेल, तर तिथं पाण्याखाली दगड आहे. मोठ्या कातळाच्या मागे पाणी उलटं फिरतं आणि शांत असतं. कयाकवाले तिथं थांबून दम घेतात. वाहून जाणाऱ्या माणसानेही समोरच्या ओघाशी भांडण्यापेक्षा अशा शांत जागेकडे तिरकं पोहावं.

बंधाऱ्याची गोष्ट वेगळी. बंधाऱ्यावरून पाणी सारखं एका रेषेत पडतं, दिसायला गरीब. पण पायथ्याशी ते पाणी गोल गोल फिरतं. टोपात वरून जोरात पाणी ओता आणि त्यात शेंगदाणा टाका, तो पुन्हा पुन्हा धारेखालीच ओढला जातो. माणसाचं तसंच होतं. चांगले पोहणारेही त्यातून सुटत नाहीत. कयाकवाले कातळाच्या धबधब्यापेक्षा बंधाऱ्याला जास्त भितात. आपली पोरं मात्र पावसाळ्यात नेमकी बंधाऱ्याखाली आंघोळीला जातात. त्यांना आजच सांगा.

पाणी वाढायच्या खुणा लक्षात ठेवा. स्वच्छ पाणी एकदम गढूळ झालं, काटक्या-पालापाचोळा वाहून यायला लागला, आवाज बदलला, तर कपडे सोडून काठ गाठायचा. आपल्याकडे ऊन असलं तरी घाटात पाऊस असतो. आणि धरणाखालच्या, वीजघराखालच्या नदीत तर पावसाशिवायही पाणी वाढतं, ते आम्ही डोळ्यांनी बघितलं.

वाहत्या पाण्यात पडलो तर उभं राहायचा प्रयत्न करायचा नाही. पाय दगडांत अडकला की पाणी पाठीवरून दाबतं आणि माणूस गुडघाभर पाण्यातसुद्धा बुडतो. उताणं व्हायचं, पाय पुढे, पावलं वर, आणि हातांनी काठाकडे सरकायचं. काठावरच्या माणसाने मागोमाग उडी मारायची नाही. एकाच्या जागी दोन जातात. लांब काठी पुढे करा, दोरी टाका, रिकामा कॅन बूच लावून फेका, तो तरंगतो. मदतीची हाक द्या. बाहेर काढलेल्या माणसाला उलटं टांगू नका, पोट दाबू नका. श्वास चालत नसेल तर तोंडाने श्वास द्यायचा आणि छाती दाबायची, आणि कुणीतरी लगेच १०८ ला फोन करायचा. हे हातांनी करून शिकावं लागतं. तुमच्या गावच्या आरोग्य केंद्रात विचारा, ग्रामसंघाच्या एका बैठकीत शिकवून घ्या.

त्या दिवशी आमच्यातल्या चौघी पंजाबी ड्रेस घालून, हेल्मेट आणि लाइफ जॅकेट चढवून राफ्टमध्ये बसल्या. पहिल्याच खळाळात सगळ्या भिजल्या. ओरडल्या किती ते सांगत नाही. खाली उतरल्यावर एकीने सांगितलं, "इतकी वर्षं नदीवर धुणं धुतलं, पण नदीच्या मधोमध आज पहिल्यांदा गेले."

परत आल्यावर बैठक घेतली. जे बघितलं ते सगळं मुलीच्या आईसमोर सांगितलं. चांगलंही आणि धोक्याचंही. लपवलं काही नाही. बंधाऱ्याखालचं फिरतं पाणी कसं ओढतं हे सांगत होतो तेव्हा तिने मधेच विचारलं, "मग माझ्या भावाचं तसंच झालं का?" धबधब्याखालीही पाणी तसंच फिरतं, हे आम्हाला तोवर कळलं होतं. आम्ही म्हटलं, "तसंच झालं असेल." ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "इतकी वर्षं मला वाटत होतं, त्यानं प्रयत्नच केला नाही. पोहायला येत होतं त्याला."

कुणी काही बोललं नाही. चहा झाला. मग तिनेच अटी घातल्या. मुलगी आधी पोहायला नीट शिकेल. शिकवणाऱ्यांकडे हेल्मेट, जॅकेट, दोरी आहे का ते गटातल्या दोघी जाऊन बघतील. एकटी कधीच पाण्यात उतरणार नाही. पावसाळ्यातली नदी, अनोळखी नदी, आताच नाही. आधी दोन हंगाम कुंडलिकेवर. आणि पाण्यातून बाहेर आली की आधी आईला फोन. अटी इतिवृत्तात लिहिल्या, मुलीची सही घेतली. कर्ज मंजूर झालं. जामीन म्हणून दोघींच्या सह्या लागतात. पहिली सही एका शेजारणीने केली. दुसरी आईने केली.

आता सगळं गोड झालं असं सांगणार नाही. मुलीचं पहिलं शिक्षण झालं आहे. होडी सरळ करायला तिला पंचवीस-तीस वेळा नाकातोंडात पाणी घालून घ्यावं लागलं. अजून ती गाइड नाही. शनिवार-रविवारी कोलाडला जाते, होड्या उचलते, दोऱ्या गुंडाळते, शिकते. हप्ते वेळेवर येतात, एकदा चुकला तेव्हा काकूने भरला. नातेवाइकांत बोलणारे बोलतात की पोरगी मुलांबरोबर नदीत फिरते. आई त्यांना उत्तर देत नाही. रविवारी दुपारी फोन येईपर्यंत ती जेवत नाही, हेही खरं आहे. ते कर्जाने सुटणारं नाही.

पण एक झालं. या उन्हाळ्यात ती मुलीबरोबर आपल्या जवळच्याच एका ओढ्याच्या कोरड्या पात्रातून चालत गेली. मुलगी वहीत खुणा लिहीत होती, हा कातळ, हे झाड, हा बंधारा. आणि आई तिला सांगत होती की लहानपणी पाणी इथपर्यंत चढायचं. पाण्यात नाही उतरली ती. पण पात्रात उतरली.

मैत्रिणींनो, तुमच्या गटातही असा एखादा अर्ज येईल. कयाकचा नसेल, ट्रॅक्टर चालवायचा असेल, पोलीस भरतीचा असेल, आणखी कशाचा असेल. ऐकून पहिल्यांदा नको वाटेल. तेव्हा लगेच हो म्हणू नका आणि लगेच नाहीही म्हणू नका. जाऊन बघून या. जिला भीती वाटते तिला बैठकीतून उठून जाऊ देऊ नका, तिचं आधी ऐका, कारण अटी तिलाच नीट सुचतात.

आणि एक काम सगळ्यांना. पावसाळ्याच्या आधी गटातल्या सगळ्या जणी मिळून आपापल्या ओढ्या-नदीच्या काठाने एकदा चालत जा. धोक्याच्या जागा कुठल्या, ते म्हाताऱ्या बायांना विचारा, कागदावर काढा आणि तो कागद शाळेच्या आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. कर्ज लागत नाही, एक सकाळ लागते.

तुमच्या गावची नदी कुठली, आणि तिच्यातली कुठली जागा तुम्हाला माहीत आहे, ते आम्हाला कळवा. पुढच्या भाषणात वाचून दाखवू. सांभाळून राहा. कोनच्या आम्हा सगळ्यांचा नमस्कार.